प्रश्नचिन्हाच्या जागी आलेले मनोहरराव

मनोहरराव,

तुम्ही गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या मनात आलेला पहिला विचार दुःखाचा नव्हता. यातही तुमचा काही डाव तर नाही ना, असा तो विचार होता. याआधी एकदा तुम्ही कित्येक आठवडे आमच्याकडे फिरकला नव्हता, आणि बाबांनी काळजीने फोन केल्यावर, "पाह्यत होतो, कोणाले आठवण येते का," म्हणून हसला होतात. तो प्रसंग मी विसरले नव्हते. या वेळी बाबा दहनघाटावरून आले, बाहेरच्या बाहेर बाथरूममध्ये गेले आणि डोक्यावरून पाणी घेऊन ओल्या केसांनी कूलरसमोर बसून राहिले. तेव्हा कुठे मला ती बातमी खरी वाटली.

तुमच्यावर मृत्युलेख लिहायचा तर तुमच्याविषयीची माहिती लागेल, आणि तुमच्याविषयीची जी माहिती माझ्याकडे आहे ती सगळी तुम्हीच दिलेली आहे. एकाच साक्षीदाराच्या जबाबावर मी काही लिहीत नाही. म्हणून तुमच्याशीच बोलते.

तुमची आणि आमची गाठ माझ्यामुळे पडली, हे आधी मान्य करते. जनुकशास्त्रात संशोधन करणाऱ्या मुलीला स्वतःच्या घराण्याची चार पिढ्यांपलीकडची नावं सांगता येऊ नयेत, याची मला लाज वाटत होती. म्हणून मी वंशावळ तयार करायला घेतली. बाबांच्या आत्यांना, काटोलकडच्या नातलगांना फोन करून नावं जमवली, तक्ता काढला आणि समाजाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. खापरपणजोबांच्या धाकट्या भावापाशी तक्ता थांबत होता. तिथे मी 'निपुत्रिक' असं लिहून पुढे प्रश्नचिन्ह काढलं होतं. पुढच्याच रविवारी, ऐन दुपारी, फोन न करता तुम्ही आमच्या दारात उभे राहिलात. हातात त्याच तक्त्याची छापील प्रत होती. बाबांनी आत बोलावलं, पाणी दिलं. तुम्ही तक्ता टीपॉयवर पसरलात आणि त्या प्रश्नचिन्हावर बोट ठेवून म्हणालात, "हा निपुत्रिक नोहता. मी त्याचा पणतू."

तोतयाला बसायला वंशावळीत यापेक्षा सोयीची जागा सापडली नसती. मी त्या दिवशीच ते आईला म्हटलं होतं.

तुम्ही म्हणालात, तुमचे पणजोबा भावाशी भांडून काटोलहून निघाले आणि उमरेडच्या बाजूला गेले. पुढे तुमचे वडील नोकरीसाठी नागपूरला आले, आणि तुम्ही पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन, पत्नी वारल्यावर, लकडगंजात एका हार्डवेअरच्या दुकानावरच्या खोलीत राहत होता. मूलबाळ नव्हतं. हे सगळं शक्य होतं. पण तुमच्या बोलण्यात जे तपासता येण्यासारखं होतं ते सगळं माझ्या तक्त्यात आधीपासून होतं, आणि जे नवीन होतं त्यातलं काहीच तपासता येत नव्हतं. भांडणाचं कारण तुम्ही एकदा बैलजोडी सांगितलंत आणि एकदा महालक्ष्मीच्या पंगतीत झालेला अपमान. मी ही विसंगती दाखवली तेव्हा तुम्ही जराही गडबडला नाहीत. "भांडण एकच राह्यते काय वं? दोन्ही झाले असतीन," म्हणालात, आणि बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला.

तुम्ही माझ्या नाकाकडे बोट दाखवून ते घराण्याचं नाक असल्याचं जाहीर केलंत. माझं नाक आईच्या माहेरचं आहे. मी ते सांगितलं, तर तुम्ही आईकडे वळून, मग वहिनींचं माहेरही आपल्यातलंच निघेल, असं म्हणालात. अशा माणसाचं काय करायचं असतं ते आम्हाला कोणत्याही अभ्यासक्रमात शिकवलेलं नाही.

मी तुम्हाला मनोहरराव म्हणत राहिले. तुम्ही मला सायंटिस्टबाई म्हणत राहिलात. सुपारीएवढीही लाच न देता तुम्ही बाबांना आपल्या बाजूला वळवून घेतलंत, आणि मी तुमच्या हेतूंची यादी मनात तयार करत राहिले. आमचा फ्लॅट कर्जावरचा, काटोलची जमीन दोन पिढ्यांपूर्वी गेलेली. मिळवण्यासारखं आमच्याकडे काही नव्हतं. तरी तुम्ही येत होता. विनाहेतू येणारा माणूस मला हेतू असणाऱ्या माणसापेक्षा जास्त संशयास्पद वाटतो.

एक दुपार मात्र मला या सगळ्यातून वेगळी काढून ठेवावी लागते. परदेशातल्या ज्या प्रयोगशाळेसाठी मी वर्षभर तयारी केली होती, तिचा नकार आला होता. आई समजूत घालत होती, बाबा पुढच्या वर्षाचं बोलत होते. तुम्ही आलात, चहा घेतलात आणि विचारलंत, तू करतेस तरी काय ते एकदा नीट सांग. मी चिडून सांगायला लागले. सांगता सांगता चिडणं विसरले. मी म्हटलं, शरीराच्या उपयोगाचं जे असतं ते दोन अनोळखी वंशांतही वेगवेगळं उपजू शकतं, कारण गरज सारखी असते. पण एखादा बदल, ज्याचा उपयोगही नाही आणि अपायही नाही, असा बिनकामाचा बदल दोघांत सारखाच सापडला, तर तो दोघांच्या एका पूर्वजाकडून आला असण्याचा संभव फार मोठा. म्हणून आम्ही नातं शोधायला बिनकामाच्या खुणा पाहतो.

तुम्ही कप खाली ठेवलात. "म्हणजे जे काहीच कामाचं नाही, तेच टिकून राह्यते म्हणतेस?"

मी म्हटलं, साधारण तसंच.

"मग मी लय टिकीन," असं म्हणालात तुम्ही.

त्या दिवशी रात्री मला झोप लागली, याचं श्रेय मी तुम्हाला देते. पण त्याच संभाषणात मी तुम्हाला माझी कसोटी कशी असते तेही सांगून बसले होते, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

मग तुम्ही ती गोष्ट विचारलीत. बाबा समोर होते, आई आंबाडीची भाजी निवडत होती. इतरत्र ज्यांना गौरी म्हणतात त्या तुमच्या घरच्या महालक्ष्म्या तुम्ही दर भाद्रपदात एकट्याने बसवत होता. पितळी मुखवटे, त्यांच्या साड्या, सोळा भाज्या, आंबील, पुरण, सगळं. शेजारच्या पुष्पाताई स्वयंपाकाला यायच्या. तुमच्यानंतर कुणी नव्हतं. तुम्ही नेहमीसारखं हसत नव्हता.

"माह्या मागं या महालक्ष्म्या तुमच्या घरी बसतीन काय?"

आमच्याकडे हे साधं विचारणं नसतं. एका घराण्याच्या महालक्ष्म्या दुसऱ्या घराण्यात जात नाहीत. शाखा खुंटली तर भाऊबंदांपैकी कुणी त्या आपल्या घरी बसवतं, आणि भाऊबंद नसले तर मुखवट्यांचं विसर्जन होतं. म्हणजे तुम्ही आमच्याकडे मुखवट्यांना जागा मागत होता, आणि त्या जागेच्या मिषाने नात्यावर आमची सही मागत होता. इतके दिवस न सापडलेला हेतू मला सापडला. ज्याला एखादा निष्कर्ष हवा असतो, त्याचा पुरावा मी दुप्पट तपासते. मी बाबांच्या आधी बोलले. आधी नातं सिद्ध होऊ द्या, म्हणाले.

"घे ना करून सिद्ध," तुम्ही म्हणालात. "तुहंच तर काम आहे ते. थुंकी पाह्यजे असन तर आत्ता देतो."

थुंकीची तपासणी खर्चाची होती, आणि त्याआधी एक बिनखर्चाची कसोटी माझ्याकडे होती. प्रत्येक घराण्याच्या महालक्ष्म्यांना एखादा विचित्र नियम असतो. कुणाकडे एखादी भाजी चालत नाही, कुणाकडे एखादं भांडं. कारण कुणालाच ठाऊक नसतं आणि मोडायची कुणाची छाती होत नाही. माझ्या दृष्टीने ती अगदी आदर्श बिनकामाची खूण. आमच्याकडेही असा एक नियम आहे. तो मी तुम्हाला सरळ विचारू शकले असते. पण आधी तुमची हो म्हणण्याची सवय मोजणं आवश्यक होतं. म्हणून पुढच्या एका खेपेला, आई आत आणि बाबा दूध आणायला गेलेले असताना, मी तुम्हाला एक बनावट नियम सांगितला. आमच्याकडे महालक्ष्मीच्या स्वयंपाकात काकडी चालत नाही, पूर्वापार.

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. थोडा वेळ पाहत राहिलात. मग म्हणालात, "बरोबर आहे. आमच्यातही नाही चालत. आजी हातसुद्धा लावू देत नोहती."

आजी जोडलीत तुम्ही त्यात. मागितलेली नसताना.

माझ्यापुरता तिथे निकाल लागला. जो साक्षीदार खोट्या खुणेला ओळख देतो, त्याने खऱ्या खुणेला दिलेली ओळख निरुपयोगी असते. म्हणून खरा नियम मी तुम्हाला विचारलाच नाही. थुंकीची गोष्टही मी पुढे ढकलत राहिले.

घरात सांगितलं तेव्हा आई संतापली. देवीच्या स्वयंपाकावरून खोटं बोलवलं कसं तुला, असं तिचं म्हणणं. बाबा आधी हसले आणि मग गंभीर झाले. म्हणाले, "तो नाही म्हणन अशी तुही अपेक्षा होती काय? ज्या घरी चहा पितो, त्या घरच्या पोरीले तोंडावर खोटी म्हणन तो?"

मी म्हटलं, खरा भाऊबंद असता तर म्हणाला असता. भाऊबंद आपल्या घरच्या रीतीसाठी भांडतात. इतक्या पटकन मान डोलावतो तो परका.

माझा हा युक्तिवाद आजही मला पक्का वाटतो. तो तुमच्यासमोर मांडायचा राहून गेला. तुम्ही येत राहिलात, मी चहा देऊन खोलीत जात राहिले. भाद्रपदात तुम्ही जेवायचं बोलावणं केलंत, पण त्याच दिवशी आमच्याकडेही महालक्ष्म्यांचं जेवण असतं, त्यामुळे येण्याचा प्रश्न नव्हता. भाऊबंद असूनही एकमेकांचं ताट आयुष्यभर न पाहण्याची ही सोय ज्यांनी केली त्यांनी माझ्यासारख्या संशोधकांचा विचार केलेला दिसत नाही.

आणि मग या मे महिन्यात पुष्पाताईंचा फोन आला.

बाबांनी मला काही विचारलं नाही. घाटावर गेले, आणि त्यानंतर देवघरात दिवा लावायचे थांबले. सुतक भाऊबंदांचं असतं. बाबांनी ते पाळलं, माझ्या अहवालाची वाट न पाहता. एका सकाळी मी त्यांना म्हटलं, बाबा, हे अजून ठरलेलं नाही. ते वर्तमानपत्रातून मान वर न काढता म्हणाले, "तुहं ठरू दे निवांत. माहं सुतक तोवर थांबत नाही."

तेराव्यानंतर आम्ही दोघं लकडगंजात तुमच्या खोलीवर गेलो. खाली दुकानात पाईप उतरवत होते, त्या आवाजात जिना चढलो. तुमची खोली मी पहिल्यांदा पाहिली. खोली मालकाला परत द्यायची होती. तुमचे मेहुणे वर्ध्याहून येऊन सामान बांधत होते. चांगला, घाईतला माणूस. पुष्पाताई भांडी वेगळी काढत होत्या. त्यांनी मला नीट पाहून घेतलं आणि म्हणाल्या, "तुम्हीच ना त्या, मोठ्या घरच्या?"

मला कळलं नाही. बाबांना कळलं. मोठं घर म्हणजे थोरल्या भावाची शाखा. म्हणजे आम्ही.

पुष्पाताई बोलत राहिल्या. मागच्या महालक्ष्मीच्या वेळी तुम्ही त्यांना काकडीची कोशिंबीर करू दिली नव्हती. इतकी वर्षं करत आलो तर आता काहून नाही, असं त्यांनी विचारल्यावर तुम्ही सांगितलं होतं, "आपल्या घराण्यात चालत नाही. आमच्या लोकाइले माहीत नोहतं. मोठ्या घरून समजलं."

मी तिथे असलेल्या एकाच खुर्चीवर बसले.

इतकी वर्षं करत आलो. म्हणजे तुमच्या आजीने काकडीला हात लावू न देणं ही गोष्ट तुम्ही त्या क्षणी रचली होतीत. तुम्ही खोटं बोलला होतात, ही माझी नोंद बरोबर निघाली. पण त्यानंतर, जिथे आमच्यापैकी कुणी पाहायला येणार नव्हतं अशा खोलीत, तुम्ही माझं खोटं पाळलंत.

का, याचे तीन अर्थ संभवतात आणि मी तिन्ही तपासले. मी कसोटी घेते आहे हे तुम्ही ओळखलं होतं, आणि कसोटी घेणारीला खोटं पडू द्यायचं नाही म्हणून आधी हो म्हणालात आणि मग तो शब्द खरा करत बसलात. किंवा तुम्हाला ते खरंच वाटलं: आपल्या शाखेचं हरवलेलं काहीतरी परत मिळालं, असं वाटून तुम्ही ते आनंदाने उचललंत, आणि आजी केवळ मला बरं वाटावं म्हणून जोडलीत. किंवा तुम्ही फार मुरलेले होता, आणि पुष्पाताईंच्या तोंडून ही गोष्ट कधीतरी आमच्यापर्यंत येईल याची तजवीज करून ठेवलीत. तिसरा अर्थ मी अजून खोडलेला नाही. तो खोडायला मला तुम्ही समोर हवे होता. तुमच्याशी भांडायला हवं होतं मी.

बेसिनपाशी तुमचा दाढीचा रेझर होता. त्याच्या पात्यावर तुमच्या त्वचेच्या पेशी असणार, बाबांच्या नमुन्याशी ताडून पाहायला पुरेशा. हा विचार मला सुचला याबद्दल तुम्हाला आश्चर्य वाटणार नाही. पण तुम्ही थुंकी देतो म्हणाला होतात, समोर बसून. रेझरचं तुम्ही काही म्हणाला नव्हता. मृत माणसाच्या वतीने परवानगी देण्याचा अधिकार त्याच्या रक्ताच्या नातलगाला असतो. म्हणजे तुमचं माझं नातं आहे का हे तपासायची परवानगी मी तेव्हाच देऊ शकते, जेव्हा ते नातं आहे. या चक्रातून मी बाहेर पडायच्या आत मेहुण्यांनी रेझर, साबण आणि तुमच्या चपलांचा जोड एका पिशवीत कोंबून पिशवी बांधली. मी काही बोलले नाही. बोलायला वेळ होता.

मग त्यांनी भिंतीतल्या कपाटातून पांढऱ्या फडक्यात बांधलेले मुखवटे काढले. ते बाबांशी बोलत होते, पण बाबा माझ्याकडे पाहत राहिल्यामुळे तेही माझ्याकडे वळले. त्यांनी विचारलं, मी तुमची कोण.

मी खरं ते सांगितलं. ते अजून ठरायचं आहे, म्हटलं.

"ठरत राहीन मग," मेहुणे म्हणाले. "मुखवटे नेता का तलावात सोडू, तेवढं सांगा. माही साडेपाचची गाडी आहे."

मनोहरराव, मी आयुष्यात अपुऱ्या पुराव्यावर निर्णय घेतलेला नाही. मी हात पुढे केले आणि म्हटलं, द्या. जड होते. इतके जड असतील असं वाटलं नव्हतं. बाबांनी खालून आधार दिला आणि जिना उतरेपर्यंत तो काढला नाही.

आता ते आमच्या कपाटात आहेत. आईने दिवाणखान्याची मापं घेतली आहेत. भाद्रपदात सोफा बाहेर गॅलरीत जाईल आणि दोन्ही जोड्या शेजारी शेजारी बसतील, असं तिचं म्हणणं. काल रात्री भांडी लावताना तिने मला विचारलं, नक्की आपल्याच आहेत ना गं त्या? मी म्हटलं, नक्की नाही. तिने विचारलं, मग बसवायच्या ना? मी म्हटलं, बसवायच्या. वंशावळीत तुमचं नाव मी तुटक रेषेने जोडलं आहे, आणि ती रेषा सलग करायला माझ्याकडे आजही आधार नाही. तुम्ही भेटल्याबद्दल मी कृतज्ञ आहे आणि तुमच्यावर माझा विश्वास नाही. ही दोन्ही विधानं एकाच वेळी खरी आहेत, आणि यातलं कोणतंही मी मागे घेणार नाही.

जो खरा नियम मी तुम्हाला कधी विचारला नाही, तो इथेही लिहिणार नाही. हा लेख कोणीही वाचेल, आणि उद्या एखाद्या दुपारी दुसरं कुणी छापील तक्ता घेऊन दारात उभं राहील. इतकंच सांगते की तो नियम स्वयंपाकाचा नाही, महालक्ष्म्या बसवतानाचा आहे. त्या वेळी बाबा दार लावून घेतात. शेजारी नाही, पाहुणे नाहीत, लग्न होऊन गेलेल्या आत्यासुद्धा नाहीत. घरचे तेवढे आत असतात.

या वर्षी दार लावलं जाईल तेव्हा तुमच्या महालक्ष्म्या आत असतील.